ई-सिगारेटच्या टाकीची गळती : कारणे, विषबाधेचा धोका आणि कायदा

तंबाखू न जाळता निकोटिनमिश्रित द्रवाची वाफ करून ती ओढावयास देणारे बॅटरीवरील उपकरण म्हणजे ई-सिगारेट. त्यातील द्रव ज्या लहानशा पात्रात साठवितात त्यास टाकी म्हणतात. या टाकीतून द्रव पाझरणे हा या उपकरणाचा सर्वांत जुना आणि सर्वांत नेहमीचा दोष आहे. खिशातील रुमालावर पडलेला चिकट, गोडसर वासाचा डाग, मेजाच्या खणात साचलेले दोन-चार थेंब, ओढताना होणारी गुळगुळ ही त्याची लक्षणे होत. भारतात २०१९ पासून या उपकरणाची विक्री बेकायदा आहे. तरीही ते घराघरांत सापडते, आणि पुष्कळदा ते सापडते ते गळते म्हणूनच. त्यामुळे या गळतीची माहिती वापरणाऱ्यापेक्षाही त्याच्या घरच्यांना अधिक उपयोगाची आहे.

बाजारात हा माल किती येतो याची कल्पना सुरतच्या एका घटनेवरून येते. सप्टेंबर २०२२ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने सुरत येथे चिनी बनावटीच्या सुमारे २० कोटी रुपयांच्या ई-सिगारेटी पकडल्या. त्याच धाग्याने पुढे जात त्याच महिन्यात मुंद्रा बंदरावर आणखी सुमारे ४८ कोटी रुपयांचा साठा जप्त झाला. त्यात दोन लाखांहून अधिक नग होते आणि कागदपत्रांत दुसराच माल दाखविलेला होता. बंदर, महामार्ग आणि मोठी घाऊक बाजारपेठ लाभलेल्या सुरतेत पोलिसांनी पानाच्या गाद्यांवर आणि दुकानांवर घातलेल्या छाप्यांच्या बातम्या त्यानंतरही अधूनमधून येत राहिल्या आहेत.

टाकी का गळते हे समजण्यासाठी तिची रचना पाहावी लागते. ज्यांनी घरात कंदील पाहिला आहे त्यांना ती चटकन कळेल. कंदिलाप्रमाणेच येथेही द्रवाचे पात्र, वात आणि चिमणी हे तीन भाग असतात. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या पात्राच्या मधोमध एक उभी नळी जाते, तीच चिमणी. तिच्या तळाशी तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, आणि त्याभोवती कापसाची वात असते. कॉइलच्या आवरणाला लहान छिद्रे असून त्यांतून द्रव वातीत शिरतो. कॉइल तापली की वातीतील द्रवाची वाफ होते आणि खालच्या झरोक्यांतून आलेल्या हवेबरोबर ती चिमणीतून तोंडाशी पोहोचते. सांधे रबरी कड्यांनी बंद केलेले असतात.

कंदिलाशी असलेले साम्य येथे संपते. कंदिलात वात वर आणि तेल खाली असते. येथे वात तळाशी असून द्रव तिच्या डोक्यावर असतो. मग तो सगळाच्या सगळा खाली का ओघळत नाही? वात त्याला काही अंशी अडवून धरते. खरा आधार मात्र टाकीतील हवेचा दाब हा असतो. टाकी वरून हवाबंद असल्याने थोडा द्रव वातीत उतरताच आतील दाब बाहेरच्या दाबाहून किंचित कमी होतो आणि बाहेरची हवा उरलेल्या द्रवाला वर तोलून धरते. काचेची नळी पाण्यात बुडवून तिचे वरचे तोंड बोटाने दाबले की नळीतले पाणी पडत नाही. बोट उचलले की पडते. कोंबड्यांना पाणी पाजण्याचे उपडे भांडे आणि शाईचे पेन ही याच तत्त्वाची उदाहरणे होत.

गळतीचे बहुतेक कोडे या एका गोष्टीत सुटते. द्रव तळाच्या झरोक्यांतून बाहेर येतो म्हणून माणूस तळाचे सांधे तपासत बसतो. दोष मात्र बहुधा वर असतो. वरच्या झाकणाचे रबरी कडे झिजलेले, चिरलेले किंवा जागचे सरकलेले असले, झाकणाचे आटे तिरपे बसले, किंवा काचेला केसाएवढी चीर गेली, की बाहेरची हवा वरून आत शिरते. नळीवरचे बोट उचलल्यासारखेच ते असते. भरताना टाकी काठोकाठ भरली, झाकण फार वेळ उघडे ठेवले किंवा द्रव चुकून चिमणीतच ओतला गेला, तरी परिणाम तोच होतो. वरील सर्व सांधे ठीक असूनही गळती थांबली नाही, तर कॉइल सैल बसली असावी किंवा तिची वात जळून, आकसून छिद्रांपासून सुटली असावी. ओढण्याचा जोर फार असेल किंवा कॉइल पुरेशी तापत नसेल, तर वातीत उतरलेल्या द्रवाची पूर्ण वाफ होत नाही. तो चिमणीत साचतो आणि गुळगुळ ऐकू येते. तोंडाशी जमणारा थोडा ओलावा म्हणजे थंड झालेली वाफ असते. तिला गळती म्हणता येत नाही, मात्र तीतही निकोटिन असते.

काही वेळा उपकरणात काहीच बिघडलेले नसते, बदललेली असते ती हवा. बंद टाकीतील हवा २५ अंशांवरून ५५ अंशांपर्यंत तापली, तर तिचा दाब सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो आणि ती द्रवाला वातीतून बाहेर ढकलते. उन्हाळ्यात सुरतच्या रस्त्यावर काचा लावून उभ्या केलेल्या मोटारीत इतके तापमान सहज होते. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांतही काही वेगळे नाही. शिवाय उष्णतेने द्रव पातळ होतो. हा द्रव मुख्यतः प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचा असतो. पैकी ग्लिसरीन फार दाट असते, परंतु २० अंशांवरून ४० अंशांवर गेले की त्याचा दाटपणा जवळजवळ एक-पंचमांशावर येतो. गार खोलीत न गळणारी टाकी दुपारी गळू लागते ती यामुळे. उंचीचाही परिणाम असाच होतो. समुद्रसपाटीलगतच्या सुरतेहून सापुताऱ्याला चढून गेले की बाहेरचा दाब साधारण दहा टक्क्यांनी घटतो. विमानाच्या कक्षात तो याहूनही खाली जातो. घाटात वेफर्सचे पाकीट फुगते आणि प्रवासात शाईचे पेन सदऱ्याचा खिसा रंगविते, त्यामागेही हेच कारण असते.

मुंद्र्यात पकडलेल्या मालासारखी, एकदा वापरून टाकून द्यावयाची उपकरणे आज चोरट्या बाजारात अधिक दिसतात. त्यांत भरण्याची टाकीच नसते. द्रव शोषून धरणारा स्पंजासारखा गोळा असतो. तो उष्णतेने किंवा दाबाने पाझरू लागला की दुरुस्तीला वावच नसतो. असे उपकरण उघडण्याचा खटाटोप कोणीही करू नये. आत लिथियमची बॅटरी असते. तिच्या टोकांवर द्रव साचला किंवा पक्कडीने ती दुखावली, तर शॉर्टसर्किट होऊन आग लागण्याची भीती असते.

सर्वांत मोठी चिंता गळणाऱ्या द्रवाची आहे. निकोटिन हे विष आहे, हे तंबाखूच्या सवयीमुळे आपण विसरून गेलो आहोत. एकेकाळी ते कीटकनाशक म्हणून फवारले जाई. भारतात निकोटिन सल्फेट या कीटकनाशकाच्या वापरावर बंदी असून केवळ निर्यातीसाठी त्याच्या उत्पादनास मुभा आहे. ते कातडीतूनही शरीरात शिरते. याचा पुरावा सुरतच्या उत्तरेस, आणंद-खेड्याच्या चरोतर पट्ट्यातील तंबाखूच्या शेतांत मिळतो. तंबाखूची ओली पाने खुडणाऱ्या मजुरांना मळमळ, उलट्या, डोकेदुखी, चक्कर आणि अशक्तपणा असा त्रास होतो. पानांवरील ओलाव्यात उतरलेले निकोटिन कातडीतून रक्तात गेल्याने हा विकार होतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने गुजरातमधील या मजुरांचा अभ्यास केलेला आहे. पानांतील निकोटिनाची ही कथा, तर टाकीत ते निवडून, विरघळवून ठेवलेले असते.

युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार तेथे या द्रवात एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅमहून अधिक निकोटिन आणि टाकीत दोन मिलिलिटरहून अधिक द्रव असू नये असे बंधन आहे. उपकरण गळू नये आणि भरतानाही द्रव सांडू नये, हेही त्याच निर्देशात लिहिलेले आहे. चोरट्या मालाला असले कोणतेच माप लागू नाही. एका मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम असे लेबल असलेले द्रव सर्रास मिळतात, आणि ते लेबल तरी खरे कशावरून? अशा द्रवाच्या दोन मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम निकोटिन असते. साध्या सिगारेटमधून ओढणाऱ्याच्या शरीरात जाते ते एक-दोन मिलिग्रॅम. प्रौढाला मारक ठरणारी मात्रा किती, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. जुन्या ग्रंथांतील ६० मिलिग्रॅमचा आकडा फार कमी असल्याचे अलीकडे मानले जाते. रांगणाऱ्या मुलासाठी मात्र हा वाद निरर्थक आहे. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात एका वर्षाच्या बालकाचा द्रव निकोटिन पोटात गेल्याने मृत्यू झाला. त्यानंतर तेथे अशा बाटल्यांना मुलांना न उघडणारी झाकणे सक्तीची करणारा कायदा झाला. फळांचा वास आणि गोड चव यांमुळे हा द्रव मुलांना खाऊच वाटतो.

घरात गळते उपकरण सापडले तर प्रथम लहान मुलांना आणि पाळीव जनावरांना दूर करावे. हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळून ते उचलावे, कागदी रुमालात उभे ठेवून बंद पिशवीत घालावे आणि उष्णतेपासून लांब ठेवावे. सांडलेला द्रव टिपून तो कागदही वेगळ्या पिशवीत बांधावा. द्रव मोरीत ओतू नये. अंगाला लागला असल्यास भिजलेले कपडे काढून कातडी साबणाने आणि भरपूर वाहत्या पाण्याने धुवावी. डोळ्यांत गेल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावेत. पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट पाहू नये. उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि उपकरण किंवा बाटली बरोबर न्यावी, म्हणजे डॉक्टरांना मात्रेचा अंदाज येतो. तोंडाला लाळ सुटणे, उलट्या, घाम, फिकेपणा, छातीत धडधड ही पहिली लक्षणे होत. पुढे गुंगी, आकडी आणि श्वास मंदावणे येथपर्यंत प्रकरण जाऊ शकते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्र अशा प्रसंगी डॉक्टरांना आणि नागरिकांना रात्रंदिवस सल्ला देते.

कायद्याची बाजू अशी. १८ सप्टेंबर २०१९ रोजी निघालेल्या वटहुकमाची जागा त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेच्या अधिनियमाने घेतली. त्यान्वये ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात हे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. आपल्या जागेत साठा करू दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. ओढण्याच्या कृतीसाठी स्वतंत्र कलम नाही. म्हणून उपकरण जवळ बाळगणे निर्धास्त आहे असा सोयीस्कर अर्थ काही जण काढतात, परंतु बाळगण्याबाबत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची भूमिका कठोर आहे. सुटे भाग, नवी कॉइल किंवा द्रव विकणाराही कायद्याच्या कचाट्यात येतो. त्यामुळे गळत्या टाकीची राजरोस दुरुस्ती भारतात होऊ शकत नाही. होते ती ओळखीतल्या हातांनी, चोरून, आणि कोणत्याही मापाविना.

बंदी आणि व्यसन यांची ही झटापट सुरतेला नवी नाही. १६१६ मध्ये सुरतेजवळच्या सुवाळी बंदरात उतरलेला इंग्रज धर्मोपदेशक एडवर्ड टेरी याने या देशातील लोक पाणी भरलेल्या मातीच्या भांड्यातून वेताच्या नळीने धूर ओढतात, असे वर्णन करून ठेविले आहे. त्यानंतर वर्षभरातच जहांगीर बादशहाने तंबाखू ओढण्यास मनाई केली. त्या मनाईचे पुढे काय झाले ते सांगावयास नको.

गळती बंद करण्याच्या खटपटीपेक्षा सवय सोडण्याची खटपट ज्यांना करावयाची असेल, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची तंबाखूमुक्तीची निःशुल्क दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.