चांगल्या कंपनीचे शेअर घ्यावेत का? कॅडबरीची गोष्ट

परवा सकाळी आमच्या हायस्कूलचे निवृत्त गणिताचे सर ऑफिसात आले. मोबाईलवर एका खाद्यपदार्थ कंपनीच्या आयपीओची जाहिरात होती. शेतकऱ्यांकडून थेट खरेदी, खेड्यातल्या बायकांना रोजगार, नफ्यातला वाटा शाळांना, वगैरे. सर म्हणाले, "फंडाचे तीन लाख आहेत. एफडीत ठेवून कंटाळलो बघ. पैसेही वाढतील आणि चार लोकांचं भलंही होईल. तू पेपरवाला आहेस, सांग, घेऊ का?"

मी पटकन उत्तर देऊ शकलो नाही. त्याला कारण आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी अशाच एका फळप्रक्रिया संस्थेवर मी अर्धं पान लिहिलं होतं. फोटोसकट. बायका आवळे चिरतायत, भिंतीवर सावित्रीबाईंचा फोटो, सगळं कसं छान. पुढे त्या कात्रणाच्या झेरॉक्स दाखवून ठेवी गोळा झाल्या आणि तीन वर्षांत संस्थेला कुलूप लागलं. नाव लिहीत नाही, आता त्यात कुणाचं काही परत मिळणार नाही. पण ठेव ठेवलेल्या एक बाई अजून बाजारात भेटतात, नमस्कार करतात आणि काही न बोलता पुढे जातात. तो नमस्कार मला लागतो.

म्हणून सरांना म्हटलं, सल्ला देत नाही, एक गोष्ट सांगतो. तीच इथे लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण पैसे गुंतवायच्या आधी वाचा.

गोष्ट कॅडबरीची आहे. जॉन कॅडबरी यांनी १८२४ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात दुकान टाकलं. चहा, कॉफी आणि प्यायचं चॉकलेट विकायचे. कुटुंब क्वेकर पंथाचं. साधी राहणी, दारूला विरोध, युद्धाला विरोध, गुलामगिरीला तर कडवा विरोध. त्या काळी इंग्लंडमधली जुनी विद्यापीठं या पंथाच्या मुलांना दारं बंद ठेवायची, त्यामुळे ही मंडळी व्यापारात शिरली. लोकांनी दारूऐवजी कोको प्यावा, असा त्यांचा हिशोब. म्हणजे समाजकार्य आणि धंदा पहिल्या दिवसापासून एकाच पातेल्यात.

१८६१ मध्ये धंदा रिचर्ड आणि जॉर्ज या मुलांकडे आला. १८७९ मध्ये त्यांनी कारखाना शहराच्या धुरातून बाहेर नेला आणि त्या जागेला बोर्नव्हिल नाव दिलं. पुढे जॉर्ज यांनी शेजारी जमीन घेऊन गाव वसवलं. प्रत्येक घराला बाग, मोकळी मैदानं, आणि गावात दारूचा गुत्ता नाही. कामगारांसाठी खेळ, शिक्षण, १९०६ पासून पेन्शन फंड. आपल्याकडे गिरणी कामगार एका खोलीत दहा-दहा जण झोपत होते, त्या काळातली ही गोष्ट आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर 'सामाजिक जबाबदारी'त शंभरपैकी शंभर.

आता नाणं उलटं करू.

चॉकलेटचा कोको इंग्लंडात पिकत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅडबरीचा निम्म्याच्या आसपास कोको साओ टोमे या बेटावरून येत होता. आफ्रिकेच्या पश्चिमेला, पोर्तुगीजांच्या ताब्यातलं बेट. तिथे मजूर यायचे अंगोलातून. कागदावर पाच वर्षांचा करार, प्रत्यक्षात पकडून, विकत घेऊन आणलेली माणसं. त्यातलं जवळजवळ कुणीच परत जात नव्हतं.

कंपनीला याची कुणकुण १९०१ मध्येच लागली होती. घरातले विल्यम कॅडबरी यांच्या कानावर गुलामीच्या बातम्या आल्या. तिथल्या एका मळ्याच्या विक्रीची जाहिरातही पाहण्यात आली, त्यात मजूरही मालमत्तेच्या यादीत धरलेले होते! मग चौकशी सुरू झाली. पोर्तुगीज सरकारकडे विचारणा, ब्रिटिश परराष्ट्र खात्याशी पत्रव्यवहार. १९०५ मध्ये जोसेफ बर्ट नावाच्या माणसाला आधी पोर्तुगीज शिकवून मग तिकडे पाठवलं. त्याचा अहवाल १९०७ ला आला आणि गुलामी खरी निघाली. तोवर हेन्री नेव्हिन्सन या पत्रकाराने त्या भागात जाऊन, पाहून सगळं छापूनही टाकलं होतं. तरी खरेदी चालूच होती. बहिष्कार जाहीर झाला मार्च १९०९ मध्ये. पहिल्या कुणकुणीपासून आठ वर्षांनी.

कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे. त्यांचं म्हणणं असं, की आपण गिऱ्हाईक आहोत तोवर आपल्या शब्दाला वजन आहे, खरेदी थांबवली की कोण ऐकणार? शिवाय, थोडं थांबा, असं सरकारच सांगत होतं. हा युक्तिवाद अगदीच फालतू नाही. आत राहून सुधारणा करायची की बाहेर पडायचं, यावर आजही गुंतवणूकदार भांडतात. पण थांबायला सांगणारे लंडनमध्ये होते आणि मरणारे साओ टोमेत, हे विसरता येत नाही.

एका पेपरने ते विसरू दिलं नाही. १९०८ मध्ये लंडनच्या 'स्टँडर्ड'ने अग्रलेख लिहिला, की बोर्नव्हिलचे हे धर्मात्मे स्वतःच्या कामगारांसाठी बागा लावतात आणि कोको मात्र गुलामांच्या हातचा घेतात. यात राजकारणही होतं. जॉर्ज कॅडबरी स्वतः 'डेली न्यूज' या उदारमतवादी पेपरचे मालक होते आणि दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत राबणाऱ्या चिनी मजुरांच्या हालांवरून त्या पेपरने विरोधकांना धारेवर धरलेलं होतं. 'स्टँडर्ड' विरोधी गटाचा. पण हेतू वाकडा असला म्हणून बातमी खोटी ठरत नाही. आम्हा पेपरवाल्यांना हे चांगलं ठाऊक असतं.

कंपनीने अब्रूनुकसानीचा दावा लावला. १९०९ च्या शेवटी बर्मिंगहॅममध्ये, म्हणजे कंपनीच्या घरच्या मैदानावर खटला चालला. कंपनीचे वकील रुफस आयझॅक्स, हेच पुढे लॉर्ड रीडिंग म्हणून आपल्याकडे व्हाइसरॉय झाले. पेपरचे वकील एडवर्ड कार्सन. त्यांनी विल्यम कॅडबरींना उलटतपासणीत घेतलं. गुलामी चालते हे तुम्हाला माहीत होतं का? होतं. तरी माल घेत राहिलात? राहिलो. हा कोको पिकवताना किती माणसं मेली याचा काही अंदाज केलात का? उत्तर नकारार्थी होतं.

ज्युरीने निकाल कंपनीच्या बाजूने दिला आणि नुकसानभरपाई ठरवली एक फार्दिंग. पेनीचा चौथा हिस्सा. आपल्या भाषेत दमडी. म्हणजे, तुम्ही जिंकलात, पण तुमच्या अब्रूची किंमत आम्ही एवढीच धरतो.

इथवर ऐकून सर म्हणाले, "म्हणजे कंपनी ढोंगी होती."

मला तसं वाटत नाही. बोर्नव्हिलची घरं खरी होती, पेन्शन खरी होती. बहिष्कारानंतर खरेदी गोल्ड कोस्टकडे, म्हणजे आजच्या घानाकडे वळली, तेही खरं. मुद्दा इतकाच, की कंपनी जिथे दाखवते तिथे ती चांगलीच दिसणार. कारखाना दाखवतील, बागा दाखवतील. आपण बघायचं असतं ते कच्चा माल येतो त्या टोकाला. खाद्यपदार्थाच्या कंपनीचा कस तिथे लागतो, कारण नफ्यातली काटकसर बहुतेक वेळा तिथेच झालेली असते.

गोष्टीचा दुसरा भाग शेअरचा. खरं तर सरांच्या तीन लाखांशी संबंध त्याचाच.

बरीच वर्षं कंपनी घराण्याच्या हातात होती. १९६२ मध्ये ती शेअर बाजारात आली, १९६९ मध्ये श्वेप्स या शीतपेय कंपनीत विलीन झाली, २००८ मध्ये पुन्हा वेगळी झाली. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या डेअरी मिल्कला फेअरट्रेडचा शिक्काही मिळाला, म्हणजे कोको पिकवणाऱ्याला किमान भावाची हमी. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेच्या क्राफ्ट कंपनीने बोली लावली.

संचालक मंडळ आधी नको म्हणालं, भाव कमी आहे म्हणालं. बोली लागली आणि भागधारक बदलायला लागले. वर्षानुवर्षं शेअर सांभाळलेले फंड चढ्या भावाला विकून मोकळे झाले. घेणारे हेज फंड, ज्यांना चॉकलेटशी देणंघेणं नाही, सौदा झाला की फरक खिशात घालायचा. त्यांचा हिस्सा ५ टक्क्यांच्या आसपास होता, तो काही महिन्यांत ३० टक्क्यांपर्यंत गेला. १९ जानेवारी २०१० ला मंडळाने होकार दिला. शेअरमागे ८४० पेन्स आणि वर १० पेन्स लाभांश. एकूण साडेअकरा अब्ज पौंडांच्या घरात.

ब्रिस्टलजवळ कॅडबरीचा सॉमरडेल नावाचा कारखाना होता. तो बंद करायचं कॅडबरीनेच आधी ठरवलं होतं. बोलीच्या काळात क्राफ्ट म्हणाली, आम्ही तो चालू ठेवू शकू. ताबा मिळाला आणि फेब्रुवारीतच जाहीर झालं की कारखाना बंद, काम पोलंडला. तिथल्या कंपनी-खरेदीवर देखरेख करणाऱ्या मंडळाने क्राफ्टवर जाहीर ठपका ठेवला, २०११ मध्ये नियमही कडक झाले. कारखाना काही परत उघडला नाही. २०१६ मध्ये फेअरट्रेडच्या शिक्क्याऐवजी कंपनीने स्वतःची योजना पुढे केली.

आता नीट बघा. गुंतवणूक म्हणून हा सौदा कसा होता? उत्तम! बोलीआधीच्या भावापेक्षा साधारण दीडपट पैसे मिळाले. भागधारकाला तक्रार करायला जागा नाही. पण तो फायदा मिळाला कधी? इतक्या वर्षांचा चांगुलपणा विकला तेव्हा. पैसेही वाढतील आणि भलंही होईल, असं आपण म्हणतो तेव्हा दोन्ही एकाच खात्यात धरतो. तसं नसतं. वहीत दोन रकाने करावे लागतात आणि एखाद्या दिवशी एका रकान्यातली जमा म्हणजेच दुसऱ्यातला खर्च असतो.

गंमत म्हणजे बोर्नव्हिलचं गाव मात्र क्राफ्टला मिळालं नाही. कारण जॉर्ज कॅडबरी यांनी १९०० सालीच ती जमीन आणि घरं एका ट्रस्टच्या नावावर करून टाकली होती. तो ट्रस्ट आजही घरं सांभाळतो. ट्रस्टच्या कागदावर लिहिलं ते टिकलं, शेअरवर सोडलं ते विकलं गेलं. या सगळ्या गोष्टीतून मला एवढं एकच समजलं.

आपल्याकडचा शेवटही ऐका. भारतात कॅडबरी १९४८ मध्ये आली. ठाण्यातला कारखाना आणि तिथलं कॅडबरी जंक्शन आपल्या ओळखीचं. इथल्या कंपनीचे शेअर सामान्य लोकांकडेही होते. २००० नंतर परदेशी मालकाने ते परत विकत घेऊन कंपनी बाजारातून काढली. काही जणांनी शेअर दिलेच नाहीत. बाजारात भाव उरला नाही, मग किंमत ठरवायची कुणी? कंपनीने शेअरमागे १,३४० रुपये देऊ केले. भागधारकांनी मुंबई उच्च न्यायालयात हरकत घेतली. २०१४ मध्ये न्यायालयाने ठरवली २,०१४ रुपये ५० पैसे. न्याय मिळाला, पण वर्षं किती गेली! चांगल्या कंपनीत शिरताना दार मोठं असतं, बाहेर पडताना छोट्या माणसाला खिडकी शोधावी लागते.

सरांना शेवटी कागदावर चार प्रश्न लिहून दिले. तुम्हीही लिहून घ्या.

एक, माल कुणाकडून घेतात, काय भावाने, आणि पैसे किती दिवसांत देतात? जाहिरातीतला शेतकरी नको, यादीतला एखादा शेतकरी गाठून विचारा.

दोन, आयपीओचा पैसा कंपनीत जाणार की जुने भागधारक आपले शेअर विकून निघणार? माहितीपत्रकात 'ऑफर फॉर सेल' आणि 'फ्रेश इश्यू' वेगळे दिलेले असतात. जोखमीचं प्रकरण आणि प्रवर्तकांच्या नातेवाईक कंपन्यांशी झालेले व्यवहार, ही दोन पानं तरी वाचाच.

तीन, शाळांना वाटा देऊ हे कुठे लिहिलंय? कंपनीच्या नियमावलीत, एखाद्या ट्रस्टच्या कागदात, की नुसतं पोस्टरवर?

चार, उद्या मोठ्या कंपनीने ही विकत घेतली तर यातलं काय उरेल?

सरांनी कागद घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, "एवढे प्रश्न विचारले तर कुणी पैसेच घालणार नाही कुठे."

घालतील सर. पण जेवढे बुडाले तर झोप उडणार नाही तेवढेच घालतील आणि देणगी वेगळी देतील. तीन लाखातले अडीच एफडीत राहिले तर कंपनीचं काही बिघडत नाही.

सर गेल्यावर जुनं कात्रण काढून पुन्हा वाचलं. अर्ध्या पानात मी आवळ्याचा रंग लिहिलाय, बायकांची गाणी लिहिलीत, अध्यक्षांचं भाषण लिहिलंय. आवळेवाल्याला पैसे कधी मिळतात, हे एका ओळीतही नाही. तेव्हा ते विचारलं असतं तर उत्तर तिथेच मिळालं असतं, कारण आवळेवाले बाहेर झाडाखाली बसलेच होते. उधारी मागायला आलेले. मला वाटलं, माल घेऊन आलेत.