गव्हाच्या वंशाचा माग : प्रस्तावना

शेतात शेजारी उभ्या असलेल्या दोन गव्हांपैकी एकाच्या ओंबीला लांब कुसळे असतात, दुसऱ्याची ओंबी बोडकी; एक उंच, एक ठेंगणा. तरीही मोजकी जनुके सोडली तर दोघांचा वारसा एकच असू शकतो. अशांचा संकर केला, तर पैदासकाराला पुढच्या पिढ्यांतून निवडण्यासारखे नवे फारसे मिळत नाही. नर-मादी वाण एकमेकांपासून खरोखर किती दूरचे आहेत, हे संकराआधीच कळावे म्हणून डीएनएमधल्या खुणा, म्हणजेच मार्कर, वाचायच्या.

गहू मात्र या कामी सोपा नाही. चपातीच्या गव्हाची ४२ गुणसूत्रे तीन वेगवेगळ्या पूर्वज गवतांकडून आली आहेत. प्रत्येक जोडीतले एकच गुणसूत्र मोजले तर डीएनएची सुमारे १६ अब्ज अक्षरे माणसाच्या पाचपट भरतात आणि बहुतेक भाग पुनरावृत्तीचा आहे. सुरुवातीच्या आरएफएलपी मार्करना गव्हाच्या वाणांत फरकच फार थोडे सापडत. मायक्रोसॅटेलाइटनी ही अडचण दूर केली. यांत दोन-तीन अक्षरांचा तुकडा एका वाणात लागोपाठ बारा वेळा येतो, दुसऱ्यात अठरा वेळा. पीसीआरने तेवढा भाग वाढवून जेलवर पळवला की दोघांचे पट्टे वेगळ्या जागी दिसतात. जर्मनीतल्या गाटर्सलेबेन इथे मॅरियन रोडर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अशा २७९ जागांचा नकाशा प्रसिद्ध केला. आज एका चिपवर हजारो एसएनपी, म्हणजे डीएनएतल्या एकेका अक्षराचे फरक, तपासता येतात. तरी मोजक्या वाणांची ओळख पटवायची असेल, तर लहान प्रयोगशाळेने मायक्रोसॅटेलाइटला कमी लेखू नये, असे माझे ठाम मत आहे.

त्या तीन पूर्वजांपैकी एकाकडून आलेल्या डी गुणसूत्रसंचात फरक कमी दिसले म्हणून प्रयोग फसला असे समजू नये. आठ-दहा हजार वर्षांपूर्वी एजिलॉप्स टाउशी या गवताचा लागवडीतल्या गव्हाशी संकर झाला, तेव्हा त्या गवताची थोडीच झाडे त्यात सामील होती. म्हणूनच मेक्सिकोतल्या सिमिट संस्थेने ड्यूरम गहू आणि हे गवत यांचा नव्याने संकर घडवला.

दूरचा वाण म्हणजे उपयोगी वाण, असेही नव्हे. बहुतेक मार्कर फक्त नाते सांगतात. गुण वेगळा तपासावा लागतो. आपला खपली गहूच पाहा. काळ्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी अमेरिकेत वनस्पती-रोगतज्ज्ञ स्टॅकमन यांनी जे मोजके गहू निवडले, त्यांत खपली होता. आधी रोपांवर रोग पाडून त्याची प्रतिकारशक्ती पारखली गेली. त्यामागच्या जनुकांपैकी एसआर१३ पुढे ६ए गुणसूत्रावर सापडले आणि २०१७ मध्ये वेगळे काढता आले. युगांडातून पसरलेल्या यूजी९९ तांबेऱ्यावरही ते चालते. आता खुद्द त्या जनुकाचा मार्कर हाती असल्याने रोपाचे एक पान पुरते.

ए. ई. वॉटकिन्स यांनी १९२०-३०च्या दशकांत जगभरातून देशी गहू गोळा केले होते. त्यांतल्या ८२७ नमुन्यांचा संपूर्ण डीएनए वाचून २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : देशी गव्हांचे सात पूर्वज-गट पडतात आणि आधुनिक वाण मुख्यतः त्यांतल्या दोनच गटांतून आले आहेत. उरलेल्या पाच गटांत उष्णता सोसणारे, तांबेऱ्याला दाद न देणारे, कमी नत्रावर वाढणारे काय काय आहे, याचा शोध नुकता सुरू झाला आहे. त्यासाठी माणसे हवी आहेत.