मँचेस्टरमधील उंच इमारती
इंग्लंडच्या वायव्य भागातील या शहराच्या आकाशरेषेवर एकोणिसाव्या शतकात कापड गिरण्यांची धुराडी होती. 1877 मध्ये ॲल्फ्रेड वॉटरहाउसने बांधलेल्या नगर सभागृहाचा सुमारे 85 मी. उंच घड्याळ-मनोरा ही त्या काळच्या सुबत्तेची खूण. 1962 मध्ये सहकारी विमा संस्थेची 118 मी. उंचीची सीआयएस टॉवर ही कचेरी उभी राहिली. तिच्या जिन्याच्या बुरुजावरील बारीक फरशीचे तुकडे निखळू लागल्याने पुढे तेथे सौरपट्ट्या बसवल्या. दुरुस्तीतून वीज मिळवण्याचा हा प्रकार कौतुकास्पदच. 1996 मध्ये आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेने केलेल्या बॉम्बस्फोटानंतर शहराच्या मध्यभागाची मोठी पुनर्बांधणी झाली. वास्तुविशारद इयन सिम्पसनचा बीथम टॉवर (2006, सुमारे 169 मी.) खाली हॉटेल, वर सदनिका अशा रचनेचा आहे. शिखरावरील काचेच्या पात्यामुळे जोराच्या वाऱ्यात तो चक्क गुणगुणतो. उपाय करूनही हा आवाज पुरता थांबला नाही. त्यानंतर या टॉवरच्या जवळच डीन्सगेट स्क्वेअर हा चार मनोऱ्यांचा निवासी समूह झाला. धुराड्यांना निदान प्रत्येकी एक गिरणी, म्हणजे आपापली ओळख होती. हे काचेचे मनोरे मात्र एकमेकांसारखेच दिसतात. समूहातील दक्षिण मनोऱ्याची उंची 201 मी. आहे.