तळटीप म्हणजे पत्ता

शोधनिबंध लिहून होतो, तो नियतकालिकाकडे जातो आणि काही दिवसांनी परत येतो. कारण काय, तर संदर्भ नियमांप्रमाणे दिलेले नाहीत. आडनाव आधी की नाव आधी, साल कंसात की शेवटी, ग्रंथाचं नाव तिरप्या ठशात की अवतरणचिन्हांत, यापायी तरुण संशोधकांचे दिवसच्या दिवस जातात. ही कारकुनी कशासाठी, असं त्यांना वाटलं तर नवल नाही. याचं उत्तर संदर्भाच्या इतिहासात सापडतं, आणि त्या इतिहासाचा एक महत्त्वाचा भाग आपल्या साताऱ्यात आणि मुंबईत घडलेला आहे.

आधार दाखवून लिहावं, हा विचार आपल्याकडे नवा नाही. कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहिणाऱ्या मल्लिनाथानं, ज्याला मुळात आधार नाही असं काही आपण लिहिणार नाही, अशी ग्वाही आरंभीच देऊन ठेवली आहे. मात्र हस्तलिखितांच्या काळात पृष्ठांक देऊन उपयोग नव्हता, कारण प्रत्येक प्रतीची पानं वेगळी. म्हणून कांड, सर्ग, अध्याय, श्लोक असा पत्ता द्यायचा. छपाई आली, एका आवृत्तीच्या सगळ्या प्रतींत तोच मजकूर त्याच पानावर येऊ लागला, तेव्हा पृष्ठांकाला मोल आलं.

युरोपात अठराव्या शतकात तळटीप चांगलीच रुजली. एडवर्ड गिबन या इंग्रज इतिहासकाराच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा पहिला खंड १७७६ साली निघाला. त्यात टिपा ग्रंथाच्या शेवटी होत्या. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम तेव्हा आजारी होते, पण त्यांनी प्रकाशकाला पत्र लिहून तक्रार केली की, प्रत्येक टीप पाहायला शेवटची पानं उलटावी लागतात, त्या त्याच पानाच्या तळाशी छापा. पुढं तसं झालं. मागणी कोणाची होती, हे लक्षात घ्या. लेखकाची नव्हे, वाचकाची. वाचता वाचता आधार तपासायची त्याला सोय हवी होती.

आता आपल्याकडे येऊ. पेशवाई बुडाल्यावर १८१८ ते १८२२ या काळात जेम्स ग्रँट डफ हा कंपनी सरकारचा अधिकारी साताऱ्यास होता. छत्रपतींच्या घराण्यातली आणि इतर घराण्यांतली कागदपत्रं त्याला पाहायला मिळाली. त्यांच्या आधारे लिहिलेला त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली तीन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यानं तळटिपा दिल्या, आणि आपण वापरलेल्या काही हस्तलिखितांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्याचंही सांगितलं. ही संस्था म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीची पूर्वज. थोडक्यात, पत्ता अगदी रीतसर होता.

पुढं १८६०च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने या पुण्यातल्या विद्यार्थ्यानं ग्रँट डफच्या इतिहासावर टीका लिहिली. ती मराठी इतिहाससंशोधनाची सुरुवातच मानली जाते. आपला इतिहास परक्यानं लिहिला, तर तो पारखून घेतला पाहिजे, ही जाणीव वाढत गेली. पण पारखायचं कशावर? मुंबईला ठेवलेल्या त्या नकलांचा अभ्यासकांनी शोध घेतला, तेव्हा त्या तिथं मिळाल्या नाहीत. तळटीप जागेवर, पण ती जिकडे बोट दाखवते तिथं काही नाही! मग ग्रँट डफचं एखादं विधान खरं की खोटं, हे ठरवायला त्याच्या शब्दाखेरीज हाती काय उरलं?

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचं काम या पार्श्वभूमीवर पाहायला हवं. गावोगावची दप्तरं धुंडाळून त्यांनी अस्सल कागद जमवले आणि ते जसेच्या तसे छापले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. पानिपतापर्यंतच्या काळातली पत्रं त्यात आहेत. मालेचे एकूण बावीस खंड झाले. त्यांतल्या कागदांना ‘लेखांक’ दिलेले आहेत. हा लेखांक फार उपयोगाचा. खंड आणि लेखांक सांगितला की पुण्यातला, नागपुरातला किंवा लंडनमधला अभ्यासक नेमकं तेच पत्र उघडतो आणि राजवाड्यांनी काढलेला अर्थ बरोबर की चूक, हे स्वतः ठरवतो. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं, त्यामागेही कागद जपण्याची आणि सर्वांसमोर ठेवण्याची हीच तळमळ होती.

याच सुमारास विज्ञानातही संदर्भाला ठराविक घाट येत होता. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांनी १८८१ साली एका गोगलगायीवरच्या निबंधात लेखकाचं नाव आणि साल मजकुरातच देण्याची रीत वापरली. तीच पुढं ‘हार्वर्ड पद्धत’ झाली. वैद्यकात मात्र आकड्यांची पद्धत रुळली. १९७८ साली वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरी जमले. तोवर एका नियतकालिकानं निबंध नाकारला की दुसऱ्यासाठी संदर्भ नव्यानं टंकलिखित करावे लागत. तो व्याप वाचावा म्हणून त्यांनी सामाईक नियम ठरवले. तेव्हा नियमांचा जन्म लेखकाला छळण्यासाठी झाला नाही, उलट त्याचे श्रम वाचावेत म्हणून झाला.

मराठीत संदर्भ देताना आणखी एक बारकावा सांभाळावा लागतो. जुन्या ग्रंथांवर शकाचं साल असतं. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, असं आपण शाळेत शिकतो. पण शक चैत्रात सुरू होतो. शके १८२० म्हणजे १८९८ च्या मार्चपासून १८९९ च्या एप्रिलपर्यंतचा काळ. माघातल्या किंवा फाल्गुनातल्या तिथीला सरसकट ७८ मिळवले, तर वर्ष चुकतं आणि घटनांचा क्रम उलटा होऊ शकतो. म्हणून ग्रंथावर असेल ते शकाचं साल आधी द्यावं आणि इसवी सन त्याच्या जोडीला.

आता तर नवंच संकट आलं आहे. संगणकाला सांगितलं की तो क्षणात संदर्भांची यादी करून देतो. नाव, साल, खंड, पृष्ठ, स्वल्पविराम, सगळं जिथल्या तिथं. पण यादीतला एखादा निबंध कोणी कधी लिहिलेलाच नसतो. २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी अशा कृत्रिम बुद्धिमत्तेनं रचलेल्या, अस्तित्वात नसलेल्या खटल्यांचे दाखले दिले. ते उघडकीस आल्यावर न्यायालयानं पाच हजार डॉलरचा दंड केला. ग्रँट डफच्या बाबतीत कागद होते, ते पुढं सापडले नाहीत. इथं ते मुळात नव्हतेच.

तेव्हा संदर्भसूची नियमांप्रमाणे जरूर करावी. पण स्वल्पविराम तपासण्याआधी प्रत्येक नोंदीचा ग्रंथ एकदा हातात घ्यावा, ते पान उघडावं आणि आपण म्हणतो ते तिथं आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. उद्या आपला निबंध वाचून कोणी त्या पत्त्यावर गेलाच, तर त्याला तिथं काहीतरी मिळालं पाहिजे.