नर्व्हस भीमसेन

इंग्रजीत 'नर्व्हस' आणि 'अँक्शस' असे दोन शब्द आहेत. आम्हां मराठी माणसांची घसट पहिल्याशी. पोरगा नापास झाला की नर्व्हस, फलंदाज नव्वदीत शिरला की नर्व्हस, आणि सामना गेला की अख्खी आळी नर्व्हस. 'अँक्शस' बँकेत येतो तो टपालानं. कर्जाचा अर्जदार आमच्या उत्तराची 'अँक्शसली' वाट पाहत असतो. (कर्ज मिळाल्यावर हप्त्याची वाट आम्ही पाहतो, पण तो निराळा विषय.)

आता गंमत बघा. 'नर्व्हस' हा मुळात पैलवान शब्द! लॅटिन 'नेर्वुस' म्हणजे स्नायुबंध. आपला 'स्नायू' त्याचाच भाऊबंद. म्हणून डॉ. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात 'नर्व्हस'चा पहिला अर्थ आहे बळकट, जोमदार. या हिशेबानं पांडवांत सर्वांत नर्व्हस भीमसेन! दुबळ्या नसांचा, हा अर्थ जॉन्सननं तिसरा दिला, तोही 'वैद्यांची बोली' असा शेरा मारून.

पण वैद्यांपुढे कोशकाराचं काय चालणार? बाथचे डॉ. जॉर्ज चेनी यांनी १७३३ सालीच 'द इंग्लिश मॅलडी' हे पुस्तक काढलं होतं. इंग्लंडातल्या खात्यापित्या लोकांची जवळजवळ एक तृतीयांश दुखणी नसांची, असा त्यांचा हिशेब. कारणं? दमट हवा, जड जेवण, बैठं काम, गजबजलेली शहरं. आमचा स्टाफ डॉक्टरांनी न बघताच ओळखला म्हणायचा! खुद्द त्यांचं वजन एके काळी ३२ स्टोन, म्हणजे दोनशे किलोंच्या वर होतं. ते त्यांनी दूध-भाजीपाल्यावर राहून उतरवलं. असो. नाजूक नसा हे खानदानीपणाचं लक्षण ठरलं आणि पैलवानानं अंथरूण धरलं.

'अँक्शस' बिचारा जन्माचा दुःखी. लॅटिन 'आंगेरे' म्हणजे गळा आवळणं. जर्मनांचा 'आंग्स्ट', छातीतला 'अंजायना' आणि वेदांतला 'अंहस्' म्हणजे संकट, सगळे एकाच गोत्राचे. आपलाही जीव घुसमटतोच की! अठराव्या शतकात याला 'उत्सुक' असाही अर्थ फुटला. आमचा अर्जदार त्या शाखेतला.

फरक पाहायचा तर दहावीच्या केंद्राबाहेर उभं राहावं. आत पोरगा नर्व्हस. हाताला घाम, घसा कोरडा. पेपर हातात पडला, पहिला प्रश्न येतोय म्हटल्यावर तो सावरतो. बाहेर थर्मास घेऊन उभी असलेली आई मात्र अँक्शस, आणि ती गेल्या जूनपासून. 'पेपर कसा गेला, विचारायचं नाही हं!' असं तिनं बापाला दहादा बजावलेलं असतं. पोरगा फाटकातून बाहेर येतो. पहिला प्रश्न तीच विचारते.