कातड्यातून आलेलं ऑइल सील

जुन्या ट्रकच्या गिअरबॉक्समधून तेल पाझरू लागलं, की पहिला संशय ऑइल सीलवर जातो. शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथे बसवलेली ही पत्र्याची कडी, आत रबराची लवचीक लिप आणि लिपला शाफ्टवर दाबून धरणारी बारीक स्प्रिंग. हा भाग लोखंडाच्या कारागिरांइतकाच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, कातडी कमावणाऱ्यांचा ऋणी आहे. दाबाखालचं पाणी अडवायला कातडं किती उपयोगी पडतं, हे जोसेफ ब्रामाच्या १७९५च्या हायड्रॉलिक प्रेसनेच दाखवलं होतं. तरीही सुरुवातीच्या मोटारींत शाफ्टभोवती नमदा गुंडाळत, नाहीतर शाफ्टवर तेल मागे लोटणारे आटे कापत. आट्यांचं काम शाफ्ट फिरेपर्यंतच. गाडी उभी राहिली की ते संपलं. नमदा तेल पिऊन भिजला की थेंब गाळत राही. जर्मनीतल्या वाइनहाइमची फ्रॉइडेनबर्ग ही १८४९ पासूनची कातडी कमावणारी पेढी. १९२९च्या सुमारास चर्मोद्योगावर मंदी आली, तेव्हा ती चामड्याच्या सीलकडे वळली. तिथल्या वाल्टर सिमर या अभियंत्याच्या नावावरूनच त्या सीलला सिमररिंग म्हणू लागले.

आजचं सील तर रबराचं, मग चामड्याला श्रेय कशाला, असं कुणी विचारेल. आक्षेप रास्त आहे, पण नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगतं, म्हणून तेल सोसणारं कृत्रिम रबर हाती येईपर्यंत चामड्याला पर्याय नव्हता. त्याच पेढीने १९३६ मध्ये तसं रबर वापरलं, ते चामड्याने आधीच घडवलेल्या आकारात. बदललं ते द्रव्य; शाफ्टवर मऊ कड हलकेच टेकवायची ही रीत तीच राहिली. डाइमलर-बेन्झशी करार करून टाटांच्या टेल्कोने १९५४ मध्ये जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले, तोवर रबरी सील रूढ झालं होतं.

या रीतीतच जुन्या ट्रकची अडचण दडली आहे. मऊ लिप आणि तिच्याखाली अडकलेली धूळ मिळून कठीण पोलादी शाफ्टवरही वर्षानुवर्षांत खाच पाडतात. नवं सील नेमकं त्याच खाचेवर बसलं, तर गळती थांबत नाही आणि दोष मालाला दिला जातो. सील थोडं पुढेमागे बसवलं किंवा शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवली, तर लिपला गुळगुळीत जागा मिळते. गिअरबॉक्समधली हवा बाहेर सोडणारा ब्रीदर चिखलाने बुजला असेल, तर तापलेल्या हवेचा दाब चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो. बेअरिंग झिजून शाफ्ट डुगडुगत असेल, तर लिपला त्याच्यामागे धावता येत नाही. म्हणून नवं सील ठोकण्याआधी ब्रीदर साफ करा, शाफ्ट हलवून पाहा आणि खाचेवरून नख फिरवा. नख अडकलं, तर नुसतं सील बदलून भागणार नाही.