पोकळ अक्षरांतील सांधे

एप्रिल २०२२मध्ये ९५वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला भरले. संमेलन म्हटले की कमानी आणि फलक आलेच, आणि फलकांवर बाह्यरेषेची पोकळ अक्षरे. या अक्षरांत देवनागरी मुद्रणाचा एक जुना पेच उघडा पडतो.

हाताने फलक रंगवणारा पेंटर आधी शब्द लिहितो, मग अख्ख्या शब्दाभोवती कड फिरवतो. शिरोरेषा त्याच्या लेखी एकच असते. शिशाच्या खिळ्यांनी ती तोडली. प्रत्येक खिळ्याच्या माथ्यावर तिचा एकेक तुकडा आला आणि जुळाऱ्याने ते शेजारी शेजारी बसवले. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने (१८६९) टंक देखणे केले, सांधा मात्र उरलाच. भरीव काळ्या छपाईत तो फारसा जाणवत नसे, इतकेच.

संगणकीय फॉन्टनेही काना, वेलांटी सुटीच ठेवली. कोरलड्रॉमध्ये शब्दाला बाह्यरेषा दिली की ‘उदगीर’मधील ग आणि वेलांटी यांच्यामध्ये नको असलेली रेघ उमटते. जाणकार मग ‘वेल्ड’ करून तुकडे एकजीव करतो. फोटोशॉपचा ‘स्ट्रोक’ परिणाम मात्र संपूर्ण थराच्या कडेने फिरतो आणि सांधा आपोआप झाकला जातो. (म्हणजे यंत्र पुन्हा पेंटरसारखेच वागले!) घाईच्या कामात ‘वेल्ड’ राहून जाते; फलकावरचा ‘गी’ पाहिला की ते लगेच कळते.